कापसाच्या वाटेने मार्सेलिसला

दिवाळीआधी घर झाडायला काढले की जुन्या वस्तू हाती येतात आणि झाडलोट तेथेच थांबते, हा आमच्या घरचा दरवर्षीचा परिपाठ आहे. यंदा माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून एक पत्र्याचा छापा निघाला. पत्र्यात चार इंग्रजी अक्षरे आणि खाली एक त्रिकोण कोरलेला. आमचे आजोबा अमरावतीच्या एका प्रेसमध्ये मुकादम होते. दाबून बांधलेल्या रुईच्या गठाणीवर हा छापा ठेवायचा आणि वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, म्हणजे गठाणीवर मालाची खूण उमटे. ती खूण घेऊन गठाण बडनेऱ्याला जाई, बडनेऱ्याहून मुंबईला, आणि मुंबईहून जेथे जाई ते गाव आजोबांनी कधी पाहिले नाही.

छापा हाती आला त्याच संध्याकाळी ओसरीवर वेगळाच वाद रंगला होता. मुलगा आणि सून पुण्याहून आलेली. पुढल्या उन्हाळ्यात सर्वांनी मिळून युरोपात जावयाचे, असा त्यांचा बेत. प्रवासी कंपनीची रंगीत पत्रके पसरलेली. नऊ दिवसांत चार देश, सात शहरे, रोज सकाळी सहाला बस. मी म्हटले, सात शहरे नकोत, एकच शहर पाहू आणि नीट पाहू. भूमध्य समुद्रावरचे मार्सेलिस. फ्रेंच लोक त्याला मार्सेय म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ते मार्सेलिस या नावाने येते, आणि माझ्या पिढीच्या तोंडी तेच बसले आहे.

नातवाने लगेच विचारले, "आबा, तिथे पाहायला काय आहे?"

प्रश्न रास्त होता. पत्रकात त्या शहराला दीड ओळ मिळाली होती. परंतु वऱ्हाडी माणसाने भूमध्य समुद्रावरचे एकच बंदर पाहावयाचे असेल तर ते हेच, असे मला का वाटते, हे त्या रात्री मी त्याला जितके सांगू शकलो तितके येथे जरा सावकाश सांगतो.

*

ग्रीसच्या पलीकडे, आशिया मायनरच्या किनाऱ्यावर फोकाया नावाचे गाव होते. तेथील ग्रीक दर्यावर्दी लोकांनी इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास एका चिंचोळ्या खाडीच्या तोंडाशी वसाहत केली आणि तिला मस्सालिया हे नाव दिले. फ्रान्समधील हे सर्वांत जुने शहर. ती खाडी आजही शहराच्या मध्यभागी आहे. तिला 'जुने बंदर' म्हणतात. १९६७ मध्ये तेथे जवळच इमारतीसाठी पाया खणताना प्राचीन बंदराचे धक्के आणि तटाचे दगड निघाले, आणि ते जागच्या जागी राखून शेजारी शहराच्या इतिहासाचे संग्रहालय उभे राहिले. सव्वीसशे वर्षे एकाच जागी माल उतरतो आहे, असे फार थोड्या गावांविषयी म्हणता येईल.

पण आपल्याला त्यातील कापसाचा धागा पाहावयाचा आहे, आणि तो सापडतो सतराव्या शतकात.

त्या काळी वऱ्हाडला लागूनच, तापीच्या काठी, बुऱ्हाणपूर हे विणकरांचे मोठे ठाणे होते. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या तेथून गेला, आणि बुऱ्हाणपूरचे कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, इतकेच काय पोलंड आणि रशियापर्यंत जाते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. तुर्की सुलतानाच्या बाजारपेठांत हिंदुस्थानचे छापील सुती कापड येई आणि तेथून मार्सेलिसचे व्यापारी ते उचलीत. त्या कापडाला फ्रान्समध्ये नावच पडले 'अँदियेन', म्हणजे हिंदुस्थानी. रंग पक्का, धुतले तरी जात नाही, वजनाला हलके. लोक त्याच्यामागे वेडे झाले. मार्सेलिसमध्ये पत्ते छापणाऱ्या एका कारागिराने १६४८ मध्ये या कापडाची नक्कल करण्याचा उद्योग आरंभिला. लाकडी ठशांनी पत्ते छापता येतात तर कापड का नाही, हा त्याचा हिशेब. पण रंग पक्का होईना. पुढे आर्मेनियन कारागीर आले तेव्हा ती विद्या थोडी थोडी कळू लागली.

मग घडले ते असे. फ्रान्सच्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली, आणि १६८६ मध्ये राजाने हिंदुस्थानी छापील कापड विकण्यास, बनविण्यास बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. त्र्याहत्तर वर्षे एका देशाला आपल्या कापडाविरुद्ध कायद्याची भिंत बांधून बसावे लागले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आम्हांला कोणी सांगितली नाही. पक्का माल आपला आणि भीती त्यांची, असा तो काळ होता.

*

कापसाने या शहराला दिले तसे नेलेही. २५ मे १७२० रोजी 'ग्रां सेंत-आंत्वान' नावाचे जहाज सीरियाच्या किनाऱ्याकडून मार्सेलिसच्या बाहेर येऊन उभे राहिले. आत रेशीम आणि कापसाचे गठ्ठे होते. वाटेत काही खलाशी तापाने मेले होते. नियम असा की अशा जहाजाने बेटापाशी थांबावयाचे आणि मालाला हवा लागू द्यावयाची. पण मालाच्या मालकांत शहराचा एक कारभारीच होता, आणि बोकेरच्या जत्रेचे दिवस जवळ आले होते. नियम सैल झाला. गठ्ठे किनाऱ्यावर आले, त्यांच्याबरोबर प्लेगच्या पिसवा आल्या. सुमारे ९० हजारांच्या त्या शहरात पुढील दोन वर्षांत ४० हजारांहून अधिक माणसे मेली. जहाज नंतर जाळले. कप्तानाला इफच्या किल्ल्यात डांबले. कारभाऱ्याचे मात्र फारसे काही बिघडले नाही. एका जत्रेच्या नफ्यासाठी अर्धे गाव गेले. आपल्याकडच्या बाजार समित्यांच्या कारभाराविषयी ज्याने कधी कडवटपणे बोलले असेल, त्याने इफच्या बेटावर जाऊन घटकाभर बसावे. माणसाचा स्वभाव समुद्राने बदलत नाही.

*

आता आपल्या वऱ्हाडकडे येऊ.

१८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्याआधी येथला कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, किंवा खानदेशातून घाट उतरून मुंबईला. वाटेत धूळ बसे, पावसात भिजे, आणि इंग्रज व्यापारी त्याला नावे ठेवीत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा अमरावतीचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात रोज उच्चारले जाऊ लागले. तेथील दरपत्रकांत आखूड धाग्याच्या कापसाची एक जातच 'ऊमरा' या नावाने छापली जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. अंबादेवीच्या गावाचे नाव परदेशी दलालाच्या तोंडी असे मोडून बसले होते.

लोहमार्ग १८६७ मध्ये अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडावयास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसाच्या एका बाजारगावासाठी व्हाइसरॉय यावा, यावरून त्या कापसाची किंमत कळावी. १८७१ मध्ये बडनेरा-अमरावती फाटा झाला. आणि या दोन्हींच्या किंचित आधी, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, सुएझचा कालवा खुला झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा माल आता तांबड्या समुद्रातून थेट भूमध्यात जाऊ लागला. त्रिएस्त, जिनोआ, मार्सेलिस ही बंदरे एकाएकी मुंबईच्या जवळ आली.

आणि तेथेच एक गमतीचा योग जुळतो. खामगाव-अकोल्याच्या बाजारात जे मोठे परदेशी खरेदीदार होते, त्यांत रॅली ब्रदर्सचे नाव जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे. बाजारात त्यांना सरसकट 'साहेब' म्हणत. पण हे साहेब इंग्रज नव्हते. रॅली हे खिऑस बेटावरचे ग्रीक घराणे. एक भाऊ लंडनला, एक कॉन्स्टँटिनोपलला, एक ओडेसाला, आणि एक मार्सेलिसला, अशी त्यांनी आपली दुकाने वाटून घेतली होती. फोकायापासून खिऑस फार लांब नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या समुद्रातून निघून लोकांनी मार्सेलिस वसविले, त्याच समुद्रातले लोक मार्सेलिसमध्ये पेढी घालून बसले, आणि त्यांची माणसे खामगावच्या हर्रासात आमच्या बंड्यांवरचा कापूस मुठीत दाबून पाहात होती.

येथे मात्र अभिमानाला थोडा लगाम घातला पाहिजे. वऱ्हाडच्या गठाणी मार्सेलिसच्या धक्क्यावर रचलेल्या दिसाव्यात, असे मला फार वाटे; पण फ्रान्सच्या गिरण्यांचा कापूस मुख्यतः उत्तरेकडच्या ल हाव्र बंदरात उतरे. मार्सेलिसला हिंदुस्थानातून जे अधिक गेले ते तीळ, भुईमूग आणि इतर तेलबिया. मार्सेलिसचा साबण जगप्रसिद्ध. १६८८ च्या राजाज्ञेने तो निव्वळ ऑलिव्ह तेलाचाच करावा असे बंधन होते. पण एकोणिसाव्या शतकात मागणी वाढली, ऑलिव्ह पुरेना, आणि तेलघाण्यांनी आपला मोहरा आशिया-आफ्रिकेकडे वळविला. वऱ्हाडात तेव्हा कापसाबरोबर तीळ आणि जवस भरपूर होई. संक्रांतीला आपण जो तीळ वाटून गोड बोलावयास सांगतो, त्याच्या भाईबंदांनी त्या शहराचे कपडे धुतले आहेत. हेही नाते थोडे नाही.

*

पण नाते एकतर्फी होते, आणि या प्रवासाच्या बेतात मला सर्वांत अधिक तेच बोलावयाचे आहे.

सतराव्या शतकात या भागातून कापड गेले होते. एकोणिसाव्यात गेली ती सरकी काढलेली रुई, ३९२ पौंडांच्या गठाणीत दाबलेली. विणणारा, रंगविणारा, छापणारा हे सर्व मधून गळाले. उरला तो पेरणारा आणि वेचणारी. ज्या कापडापासून बचाव करण्यासाठी फ्रान्सने कायदा केला, त्या कापडाचा देश दोनशे वर्षांत कच्चा माल पुरविणारा झाला. सावकाराचे कर्ज, सरकारचा शेतसारा आणि लिव्हरपूलचा भाव या तीन दगडांवर वऱ्हाडची चूल मांडली गेली. त्यांतला एकही दगड शेतकऱ्याच्या हातचा नव्हता.

१८९७ या एका वर्षाकडे पाहा. त्या वर्षी वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. कारंजाला १८८६ पासून बांधून दिलेल्या बाजाराचा प्रयोग चालू होताच. तशा नियंत्रित बाजारांचा हा देशातील पहिला कायदा. वजनमाप नीट असावे, दलाली ठरलेली असावी, हे त्यात आले. त्याच वर्षी देशभर दुष्काळ होता. आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीस सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. कायदा, दुष्काळ आणि राजकारण यांचे असे संमेलन क्वचितच झाले असेल. दोनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, त्याहून भयंकर दुष्काळ वऱ्हाडवर कोसळला. ज्या काळ्या जमिनीला जगाचा बाजार जोडलेला होता, ज्या स्थानकांवरून गठाणी सुटत, त्याच गावांतील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. लोहमार्गाने धान्य आणता येत होते, हे खरे. पण विकत घ्यावयास हाती पैसा नव्हता. आमच्या घरात त्या सालाला 'छप्पनचा काळ' म्हणत आणि ते शब्द उच्चारताना आजी आवाज खाली आणी.

*

मालामागून माणसेही त्या वाटेने गेली. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर १८९० मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळातून विलायतेस गेले. दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये टिळकांच्या खटल्याचे अपील घेऊन गेले आणि दोन वर्षे तेथे झगडले. सुएझमार्गे जाणाऱ्या प्रत्येकाला भूमध्य समुद्र ओलांडावाच लागे, आणि गाठणीचे बंदर बहुधा मार्सेलिस असे. तेथे उतरून आगगाडीने गेले की लंडनचे काही दिवस वाचत.

याच बंदरात ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. पोहून ते धक्क्यावर चढले, धावले, आणि पकडले गेले. फ्रान्सच्या भूमीवर इंग्रजांनी कैदी धरला, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला, की अटकेत अनियमितता झाली असली तरी कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. मराठी मुलांना भूमध्य समुद्रावरचे एकच बंदर नावाने ठाऊक असते ते या उडीमुळे.

चार वर्षांनी, २६ सप्टेंबर १९१४ पासून, त्याच धक्क्यावर हिंदी फौजा उतरल्या. पहिल्या महायुद्धात युरोपच्या चिखलात लढावयास निघालेल्या. शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथे युद्धात मेलेल्यांची स्मशानभूमी आहे, आणि तेथे जुलै १९२५ मध्ये हिंदी सैनिकांचे स्मारक उभारले गेले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली आणि त्याच दिवशी मार्सेलिसमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास उघडला.

आणि ११ सप्टेंबर १९३१ रोजी 'राजपुताना' बोटीतून गांधीजी येथे उतरले, गोलमेज परिषदेला जाताना. त्यांच्या सामानात चरखे होते. ज्या शहराने आमचे कापड घेतले, त्याची नक्कल केली, मग त्यावर बंदी पाहिली आणि शेवटी आमच्या शेतांतला कच्चा माल उतरवून घेतला, त्या शहराच्या जकातीवर एक माणूस सूत काढण्याचे यंत्र हाती घेऊन उभा राहिला. इतिहासाने स्वतःच लिहिलेला हा जमाखर्च आहे. त्यात मी काही भर घालीत नाही.

*

तर बेत असा ठरला आहे. मे महिन्यात जावयाचे. तेव्हा तेथील मिस्त्राल वाऱ्याचा थंड तडाखा बहुधा कमी झालेला असतो आणि जुलैची गर्दी लोटलेली नसते. मुंबईहून पॅरिस, तेथून जलद आगगाडीने तीन-साडेतीन तासांत मार्सेलिस. सेंट शार्ल स्थानकातून बाहेर पडताच १०४ पायऱ्यांचा जिना लागतो. त्याच्या पायथ्याशी दोन पहुडलेल्या स्त्रिया दगडात कोरल्या आहेत: एक आफ्रिकेतील वसाहती, दुसरी आशियातील. नातवाला मी पहिल्याच दिवशी तेथे उभे करणार आहे.

दुसऱ्या दिवशी जुने बंदर आणि ते खणून काढलेले धक्के. तिसऱ्या दिवशी जोलिएतच्या गोद्या. एकोणिसाव्या शतकातली ती वखार सुमारे ३६५ मीटर लांब आहे, वर्षाच्या दिवसांइतकी, आणि आता तिच्यात दुकाने थाटली आहेत. चौथ्या दिवशी नावेने इफ, प्लेगच्या जहाजाची आठवण काढावयास. पाचव्या दिवशी माझार्ग. सहाव्या दिवशी टेकडीवरचे नोत्र दाम द ला गार्द. तेथे वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवसाच्या लहान लहान नावा छताला टांगल्या आहेत. सातवा दिवस सुनेचा. तिने बाजारहाट करावी आणि साबण घ्यावा.

खाण्याची चिंता सौभाग्यवतींना होती. मासे आम्ही खात नाही. पण तेथे 'पानिस' नावाचा पदार्थ मिळतो: हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घोटायचे, थापून थंड करायचे, कापायचे आणि तळायचे. हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे पाटोडीच की!" आणि त्यांचा विरोध तेथेच संपला.

एक माणूस अजून नक्की व्हावयाचा आहे. दर्यापूरकडे माझा मावसभाऊ राहतो. खारपाणपट्ट्यातली कोरडवाहू शेती, सगळी पऱ्हाटी. त्याला मी फोनवर हे सारे सांगितले. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, आपला माल गेला त्या गावाले, मंग आपण काऊन नाही जावं? मी येतो. पण भाव लागू दे."

२०२५ च्या ऑगस्टात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झाले, तेव्हा त्याने असेच काहीसे म्हटले होते, जरा निराळ्या आवाजात. दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूलचा भाव त्याच्या पणजोबाच्या चुलीत डोकावे. आता सगळ्या जगाचा भाव त्याच्या मोबाइलवर येतो, इतकाच काय तो फरक. भाव पाहता येतो; ठरविता येत नाही.

त्याचा पासपोर्ट मी काढून ठेवला आहे. पत्र्याचा छापाही घासून पुसून सामानात ठेवला आहे. मार्सेलिसच्या वखारीच्या दारात उभे राहून तो एकदा उन्हात धरावा, अशी माझी इच्छा आहे. कापसाची पहिली वेचणी झाली. दुसरी चालू आहे. तिकिटे मात्र पाचच काढली आहेत. सहावे तिसऱ्या वेचणीनंतर.